देव आहे का आणि धर्म माणसं तोडतो का: दोन प्रश्नांची गाठ सोडवून पाहू

दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून नागपूरच्या रस्त्यांवर पांढरे कपडे दिसू लागतात. रेल्वेने, एसटीने, ट्रकने आलेली माणसं पायी दीक्षाभूमीकडे निघतात आणि परतताना अनेकांच्या हातात पुस्तकांची पिशवी असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. एवढा मोठा धार्मिक मेळावा, आणि त्याच्या मध्यभागी जग घडवणारा ईश्वर नाही.

तिथून काही किलोमीटरवर उमरेड रोडला ताजाबाद आहे. १७ ऑगस्ट १९२५ रोजी वारलेल्या ताजुद्दीन बाबांचा हा दर्गा. बाबांना शक्करदऱ्याच्या वाड्यात मानाने आणून ठेवलं ते रघुजीराजे भोसल्यांनी, म्हणजे एका हिंदू राजघराण्याने. आजही चादर आणि फुलांची टोपली घेऊन आत जाणाऱ्यांत कपाळावर कुंकू असलेल्या बाया सहज दिसतात. त्या नमाज पढत नाहीत, धर्मही बदलत नाहीत.

आता टपरीवर नेहमी कानावर पडणारी दोन वाक्यं इथे लावून बघा. एक म्हणतं, ‘देव एकच आहे हे सगळ्यांनी मानलं की भांडणं मिटतील.’ दुसरं म्हणतं, ‘देवच नाही हे लोकांना कळलं की धर्म संपेल, आणि भांडणंही.’ दीक्षाभूमीवर ईश्वर नाही, तरी धर्म आहे. ताजाबादला धर्म वेगवेगळे आहेत, तरी रांग एकच आहे. दोन्ही वाक्यं इथे अडकतात, कारण त्यांत दोन निराळे प्रश्न एकाच दाव्याला बांधले आहेत.

देव आहे का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. आपण मानल्याने किंवा न मानल्याने त्याचं उत्तर बदलत नाही. धर्म माणसं तोडतो का, हा माणसांच्या वागण्याचा प्रश्न आहे, आणि वागणं मोजता येतं. म्हणून ‘धर्माच्या नावाने एवढं रक्त सांडलं, म्हणजे देव नाही’ हा युक्तिवाद लंगडा. ‘देवाच्या धाकाने माणसं नीट वागतात, म्हणजे देव आहे’ हाही तितकाच लंगडा. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही.

आधी कोणता देव ते ठरवा

देवावरचे बहुतेक वाद पहिल्या पाच मिनिटांतच फसतात, कारण दोघं एकच शब्द वापरून वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात. मराठीत ‘देव’ म्हणताना निदान तीन अर्थ मनात असतात. एक, जग निर्माण करणारा. दोन, हाकेला धावणारा, नवसाला पावणारा. तीन, निर्गुण, म्हणजे ज्याला रूप, इच्छा, राग-लोभ काहीच नाही असं सर्वत्र भरलेलं तत्त्व. तिघांसाठी लागणारा पुरावा वेगळा आहे. नवसाच्या देवाची हरकत आली की निर्गुणाआड जायचं, आणि संकट आलं की पुन्हा नवस बोलायचा, असं केलं तर चर्चा कुठेच पोहोचत नाही.

‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ या शब्दांचंही तेच. भारतीय दर्शनांच्या जुन्या परिभाषेत आस्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य मानणारा. पूर्वमीमांसा हे दर्शन वेदांचं सर्वांत कडवं समर्थक, पण त्याला जग घडवणाऱ्या ईश्वराची गरज वाटत नाही. जुन्या सांख्यविचारातही निर्माता ईश्वर नाही. जैन आणि बौद्धही तो मानत नाहीत. ईश्वर नाकारणं ही बाहेरून आलेली टूम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना आपल्याच घरातलं अर्धं माजघर ठाऊक नाही.

आता पहिला अर्थ घेऊ. निर्मात्याच्या बाजूचा एक जुना आणि आजही खूप वापरला जाणारा युक्तिवाद नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा आहे: घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग आहे म्हणजे कर्ता आहे. उदयनाचार्यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’त तो नीट बांधून मांडला. नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, उभं राहिलं तर तो डोळ्यांसमोर दिसतो. मोठ्या गणपतीच्या पोटात आधी काठ्यांचा सांगाडा असतो. त्यावर तणीस सुतळीने आवळून बांधतात, वर मातीचे थर चढतात, आणि डोळ्यांची आखणी अगदी शेवटी होते. ही मूर्ती आपोआप झाली असं कोणी म्हणणार नाही.

हा युक्तिवाद कुठे अडतो, ते त्याच ओळीत कळतं. मूर्तीला मूर्तिकार असतो हे आपल्याला कळलं, कारण मूर्ती घडवणारे हात आपण शेकडो वेळा पाहिले. धूर तिथे आग, हा नियम आपण चुलीपासून शेकोटीपर्यंत पडताळलेला आहे. तर्कशास्त्रात याला व्याप्ती म्हणतात. जगं घडताना मात्र कोणीच पाहिलेली नाहीत. आपल्याकडे एकच जग आहे, तेही तयार. एका उदाहरणावरून व्याप्ती बसत नाही. दुसरी अडचण अशी की सांगाडा एकाचा, माती दुसऱ्याची आणि रंग तिसऱ्याचा, असं चितार ओळीत सर्रास असतं. मूर्तीवरून कर्ता काढायचा तर अनेक कर्ते का काढू नयेत? शिवाय मूर्तिकाराला हात आहेत, तो माती विकत आणतो, चुकाही करतो. ही साम्यं सोडून फक्त ‘कर्ता’ तेवढा उचलायचा, याला आधार काय?

१८५९ मध्ये डार्विनने या युक्तिवादाचा एक मोठा खांब काढून घेतला. डोळा, पंख, फुलाची रचना इतकी चपखल कशी, याचं उत्तर नैसर्गिक निवडीने मिळालं: लहान फरक, त्यातले उपयोगी टिकणं, आणि प्रचंड काळ. पण त्याने जीवसृष्टीची रचना समजते. मुळात काहीही का आहे, हा प्रश्न तसाच उरतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त याच जागी थांबतं. वर बसून पाहणाऱ्यालाही हे ठाऊक असेल, किंवा नसेलही, असं म्हणून ते संपतं. आमच्या मते प्रामाणिक उत्तर या थांबण्याच्या जवळचं आहे. निर्माता आहे हे सिद्ध करणारा एकही युक्तिवाद हरकतींना पुरून उरलेला नाही. निर्माता असूच शकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेलं नाही. पण जो ‘आहे’ म्हणतो, पुरावा देण्याचं काम त्याचं. ‘नाही हे सिद्ध करून दाखवा’ असं म्हणून ते समोरच्यावर ढकलता येत नाही.

निर्माता दयाळूही आहे असं म्हटलं की अडचण वाढते. दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल, तर तान्ह्या बाळाला कॅन्सर का? पूर्वमीमांसेचे आचार्य कुमारिल भट्ट यांनीही सृष्टीकर्त्याला जवळपास हाच प्रश्न केला होता: करुणेने जग घडवलं म्हणावं तर एवढं दुःख कशासाठी? नैयायिकांचं उत्तर होतं पूर्वकर्म. त्यावर मीमांसकांची हरकत ऐकण्यासारखी आहे. सगळं कर्मानेच ठरतं, तर मध्ये ईश्वर कशाला? आणि ईश्वराला ते बदलता येतं, तर तो बदलत का नाही?

नवस तपासता येतो

दुसऱ्या अर्थाचा देव, जो मागितलेलं देतो, तो तपासणीच्या कक्षेत येतो, कारण त्याच्या असण्याने जगात फरक पडायला हवा.

परीक्षेच्या दिवसांत सीताबर्डीच्या टेकडी गणपतीला विद्यार्थ्यांची रीघ लागते. समजा, १०० जणांनी नवस बोलला. त्या परीक्षेत एरवीही शंभरातले ७० पास होतात. म्हणजे नवसाने काहीही झालं नाही तरी ७० जण पेढे घेऊन टेकडीवर परत येणार. उरलेले ३० घरी बसणार आणि आपलं नशीब किंवा अभ्यास कमी पडला म्हणणार. मंदिराच्या पायऱ्यांवर बसून मोजणाऱ्याला फक्त पेढेवाले दिसतात. फसगत इथे होते, आणि ती कोणाच्या लबाडीमुळे होत नाही. मोजणीची जागाच चुकलेली असते. नवस पावला का हे बघायचं तर चार आकडे लागतात: नवस बोलून पास, नवस बोलून नापास, न बोलता पास, न बोलता नापास. आपल्याकडे बहुधा पहिलाच आकडा असतो.

चारही आकडे ठेवून मोठा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. त्यातल्या एकासाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्याला प्रार्थना नक्की होणार असल्याचं सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली ती प्रार्थना झालेल्या पहिल्या गटात ५२ टक्के, न झालेल्या गटात ५१ टक्के, आणि आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे माहीत असलेल्यांत ५९ टक्के. पहिल्या दोन आकड्यांत दखल घ्यावी असा फरक नाही.

यातून काय सिद्ध होत नाही, तेही सांगायला हवं. देव नाही हे यातून निघत नाही. आईने लेकरासाठी केलेल्या प्रार्थनेने आईचं मन स्थिरावत नाही, असंही निघत नाही. मागणी पोहोचते आणि त्यानुसार आजार हलतो, एवढा एक दावा इथे टिकला नाही. म्हणून उपचार थांबवून अंगारा लावणं धोक्याचं आहे. उपचार चालू ठेवून कोणी हात जोडले तर त्यात कोणाचं काही बिघडत नाही.

निर्गुणाबद्दल आणि संतांच्या अनुभवाबद्दल थोडक्यात. अनुभव खरा असतो. रडू येतं, शांत वाटतं, ‘मी’ विरघळतो. ज्याला आला त्याच्यासाठी तो मोठाच आधार. पण अनुभव आला यावरून त्याचं कारण कळत नाही. वेगवेगळ्या धर्मांतल्या साधकांना साधारण सारखेच अनुभव येतात, आणि प्रत्येक जण त्याला आपापल्या देवाचं नाव देतो.

मग माणसं तुटतात कशाने

१९५४ मध्ये मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका शिबिरात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांना दोन गटांत वाटलं. सगळी मुलं गोरी, एकाच ख्रिस्ती पंथाच्या मध्यमवर्गीय घरांतली, एकमेकांना अनोळखी. गटांनी नावं ठरवली, झेंडे केले, मग बक्षिसं लावून सामने झाले. काही दिवसांतच एकमेकांचे झेंडे जाळणं आणि राहण्याच्या खोल्यांवर हल्ले सुरू झाले. देव एकच होता, प्रार्थनाही एकच होती.

पुढचा भाग जास्त कामाचा आहे. दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग पिण्याचं पाणी बंद पडलं, आणि टाकीपासूनची लाईन दोघांनी मिळून तपासली. जेवण आणणारा ट्रक चालू होईना, तेव्हा रस्सीखेचीचाच दोर लावून सगळ्यांनी तो ओढला. अशी तीन-चार कामं झाल्यावर वैर ओसरलं. प्रयोगकर्त्यांनी भांडण मुद्दाम पेटवलं, ही टीका योग्यच आहे. पण भांडण पेटवणारे असतातच, आणि पेटवायला देव लागत नाही, हे त्यातूनच दिसतं.

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या मुलांवर याहून साधा प्रयोग मांडला. तुला अमुक चित्रकार आवडतो, एवढ्यावर गट पाडला. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग पैसे वाटायला सांगितले. अनेकांनी आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळावेत अशी वाटणी निवडली.

धर्माचं काय, हे थेट तपासणारा एक अभ्यास २००९ चा आहे. त्यात पॅलेस्टिनी मुस्लिमांबरोबर इतर देशांतले कॅथलिक, ज्यू, भारतातले हिंदू अशा अनेकांचा समावेश होता. एकट्याने किती प्रार्थना करता आणि सामूहिक उपासनेला किती जाता, हे दोन प्रश्न वेगळे विचारले. दुसऱ्या धर्मीयांबद्दलच्या वैराचा संबंध सामूहिक हजेरीशी लागला. एकट्याच्या प्रार्थनेशी लागला नाही. सामूहिक उपासना वाईट, असा याचा अर्थ नाही, कारण त्याच हजेरीतून आपल्या लोकांसाठी झीज सोसण्याची तयारीही येते. देवावरची श्रद्धा आणि गटावरची निष्ठा ही दोन वेगळी यंत्रं आहेत, एवढं त्यातून समजतं.

आपल्याकडचा याहून मोठा पुरावा अस्पृश्यता आहे. ज्या विठ्ठलाला सगळे माउली म्हणत, त्याच्या पंढरपूरच्या गाभाऱ्याचं दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. देव एक, भाषा एक, अभंग एक. तरी मध्ये भिंत. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ ची, आणि नागपूरची दीक्षा १९५६ ची. एवढी वर्षं बाबासाहेब ज्याच्याशी झुंजत होते, तो देवाच्या संख्येचा वाद नव्हता. प्रश्न माणसाला माणूस मानण्याचा होता. बावीस प्रतिज्ञांत देवांबद्दलच्या ओळींइतकीच सर्व माणसं समान मानण्याची ओळ महत्त्वाची आहे.

भिंत रोजच्या जगण्यात कुठे असते, ते ऐकायचं तर भाड्याने खोली शोधणाऱ्याचा एक फोन ऐका. ‘दोन रूम-किचन आहे, हो, खाली आहे. तुमचं नाव?’ मुलगा नाव सांगतो. ‘पूर्ण नाव सांगा ना, आडनाव?’ तो आडनाव सांगतो. पलीकडे दोन सेकंद शांतता. ‘नॉनव्हेज खाता का?’ मग, ‘बरं, मी घरी विचारून सांगतो.’ नंतर फोन येत नाही. या पूर्ण बोलण्यात देवाचं नाव एकदाही आलं नाही. भिंतीच्या विटा आडनाव, स्वयंपाकघर, वस्ती, स्मशान किंवा कब्रस्तान आणि लग्न या आहेत.

प्यू या अमेरिकन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३०,००० प्रौढांशी बोलून केलेल्या पाहणीत हे चित्र स्पष्ट दिसतं. सर्व धर्मांचा आदर करणं हा खरं भारतीय असण्याचा अत्यंत महत्त्वाचा भाग आहे, असं ८४ टक्के म्हणाले. त्याच पाहणीत आपल्या समाजातल्या बाईला धर्माबाहेर लग्न करण्यापासून थांबवणं अत्यंत महत्त्वाचं, असं ६७ टक्के हिंदू आणि ८० टक्के मुस्लिम म्हणाले. ३६ टक्के हिंदूंना मुस्लिम शेजारी नको होता. आदर आहे, पण दुरून. आणि बौद्धांपैकी एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असं सांगितलं; त्यामुळे त्यांच्या वाटची भिंत काही कमी झालेली नाही.

भिंतीपासून दंगलीपर्यंत

भिंत असली म्हणजे दंगल होतेच असं नाही. नागपुरात १९२० च्या दशकात मशिदीसमोरून वाजतगाजत मिरवणूक न्यायची की नाही यावरून तणाव वाढत गेला आणि १९२७ मध्ये मोठी दंगल झाली. दोन्ही बाजूंचे लोक देव मानणारे होते. भांडण रस्ता, वाद्य आणि कोण माघार घेणार याचं होतं. १७ मार्च २०२५ रोजी महाल परिसरात हिंसाचार झाला, तेव्हा पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा फोनवरून पसरली होती. शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. ज्यांचा कशाशी संबंध नव्हता त्यांची रोजी गेली, गाड्या जळाल्या.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या नोंदी काढल्या. मृत्यूंपैकी खेड्यांतले जेमतेम ४ टक्के निघाले, आणि अवघ्या ८ शहरांत जवळपास निम्मे. धर्म तर सगळीकडे सारखेच आहेत, मग फरक कशाचा? दंगलीच्या आणि शांत शहरांच्या जोड्या लावून त्यांनी उत्तर शोधलं: जिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच व्यापारी संघटनेत, युनियनमध्ये, वाचनालयात किंवा क्लबात आहेत, तिथे अफवा पेट घेत नाही. लहान गावात शेजारपणावर निभावतं. मोठ्या शहरात लोक एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून संघटना लागते. शेरीफच्या ट्रकचाच हा दोर.

भिवंडीत तो दोर मुद्दाम वळला गेला. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समित्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. सदस्य दोन्ही समाजांचे, आणि त्याच गल्लीत राहणारी साधी माणसं. बैठका नियमित, तणाव नसतानाही, आणि विषय नळ, गटार, किरकोळ भांडणं. समिती फसते ती दोन कारणांनी: नुसते पुढारी भरले तर, आणि फक्त सणाच्या आधी बोलावली तर. चहा-बिस्किटाच्या बैठकीत ओळख होते. रात्री ११ वाजता फोन उचलण्याइतका विश्वास महिनोन्महिने कामं केल्यावर येतो.

रात्रीचा तो फोन कशासाठी, तर अफवा तासाभरात अडवण्यासाठी. व्हिडिओ आला की आधी बघा, त्यात जागा ओळखू येते का आणि तारीख आहे का. मग त्या मोहल्ल्यातल्या आपल्या ओळखीच्या माणसाला फोन करा. ज्या समाजावर आरोप आहे त्याच समाजातला असेल तर उत्तम. खोटं निघालं तर ज्या ग्रुपवर आलं तिथेच लिहा, आणि खरं निघालं तर पोलिसांना कळवा. पुढे पाठवणं दोन्ही बाबतीत टाळा. तिथे ओळखीचं कोणीच नसेल, तर काम त्या दिवसापासूनच सुरू करावं लागतं.

विटांपैकी सर्वांत घट्ट वीट लग्नाची आहे, आणि तिच्यासाठी कायद्याने वाट ठेवली आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा. वर २१ आणि वधू १८ वर्षांची पूर्ण हवी. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहतो, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवस हरकतींसाठी असतात. हरकत घेता येते ती आधीचं लग्न, वय, संमती देण्याची मानसिक क्षमता आणि निषिद्ध नातं एवढ्यांवरच. धर्म वेगळा किंवा घरच्यांना पसंत नाही, ही कारणं चालत नाहीत. मग ३ साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत ते झालं नाही तर ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून तारखा आधीच कागदावर मांडून घ्याव्यात. या लग्नासाठी दोघांपैकी कोणालाही धर्म सोडावा लागत नाही. देव मानावा की नाही, हा प्रश्न त्या फॉर्मवर नाहीच.